गाडीतला आणि बोटीतला अग्निशामक सिलिंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-मालवण पट्ट्यात गाड्यांची आणि मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करताना आगीने जळालेली इंजिनं समोर येतात, तशीच आग वेळेत विझूनही नंतर वाया गेलेली इंजिनंही येतात. सिलिंडर वापरायचा की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आग लहान असेल आणि तुमच्या पाठीमागे पळायला मोकळी वाट असेल, तर इंजिनाचा विचार न करता वापरा. पण तो हाताळायचा कसा आणि वापरल्यावर पुढचा एक दिवस काय करायचं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

बॉनेटमधली आग पावडर मारून विझवली. आता गाडी चालू करून गॅरेजपर्यंत नेऊ का?

नको. किल्लीला हातही लावू नका. इंजिन सुरू झालं की ते हवा ओढतं आणि हवेबरोबर पावडर ओढतं. एअर फिल्टर शाबूत असेल तर बरीचशी पावडर तिथेच अडते, पण आगीत फिल्टरचा डबा किंवा त्याच्या पुढचा रबरी पाइप वितळला असेल, तर पावडर सरळ टर्बोत (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात) आणि इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाते. अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीतली वीज बनवणाऱ्या यंत्राचा, पंखा ती आपल्या पोटात खेचून घेतो. शिवाय ज्या वायरीमुळे आग लागली तिचं आवरण आता जळून गेलेलं असतं. करंट मिळाला की तीच वायर पुन्हा पेटते.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडी टो करून न्या. धग पूर्ण उतरेपर्यंत कुणीतरी गाडीजवळ लक्ष ठेवून थांबा, कारण पावडर ज्वाळा विझवते, तापलेलं लोखंड थंड करत नाही. विमा असेल तर साफसफाईच्या आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

पावडर इंजिनवर तशीच राहिली तर एवढं काय होतं? सुकी पावडर तर आहे.

सुकी असते तोवर ठीक. गाडीत मिळणाऱ्या एबीसी (घन, द्रव आणि गॅस अशा तिन्ही आगींसाठीच्या) सिलिंडरमध्ये मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. पाण्याशी गाठ पडली की ते आम्लधर्मी होतं आणि अॅल्युमिनियम, तांबं, पितळ खायला लागतं. तापलेल्या भागावर तर ते साधारण १९० अंशांच्या आसपास वितळून चिकट, काचेसारखा थर धरतं. लाकूड आणि कापडाची आग विझवण्यासाठी हाच थर उपयोगी पडतो, निखाऱ्याला हवा मिळू देत नाही. मॅनिफोल्डवर मात्र तो खरवडूनच काढावा लागतो.

आता आपल्याकडची हवा बघा. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की घरातलं मीठ बरणीत पाझरतं. वर समुद्राची खारी हवा. घाटावर कोरड्या हवेत महिनाभर सुकी राहील ती पावडर हर्णैला किंवा देवगडला एका रात्रीत ओल धरते. पावसाळ्यात आठवडाभर दारात उभ्या राहिलेल्या अशा गाडीचा वायरिंगचा एक सॉकेट उघडला, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या दिसतात. अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर पांढरी भुकटी धरते. ती नखाने काढली की खाली बारीक खड्डे दिसतात. बाहेरून पाणी मारून गाडी लख्ख केलेली असते आणि मालक म्हणतो, ‘आग तर विझली होती, मग गाडी का बंद पडते?’

म्हणून कोकणात एक रात्रसुद्धा थांबू नये. त्याच दिवशी सुरुवात करा.

मग साफ कशी करायची? प्रेशर वॉशर मारला तर?

पहिल्या फटक्यात पाणी नको. या पावडरला ओल धरू नये म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला पाणी वरून ओघळतं आणि पावडर मात्र फटींत ढकलली जाते. तिथे ती नंतर सावकाश भिजत राहते. कंप्रेसरच्या हवेचंही तेच, पावडर सॉकेटात आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसते.

क्रम असा ठेवा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. आधी व्हॅक्यूम आणि कोरडा, मऊ ब्रश. एअर फिल्टर काढून टाका, तो पुन्हा वापरायचा नाही. फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून बघा. पिवळसर किंवा पांढरी पावडर लागली, तर इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) खोलल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही आणि ऑइल बदलायचं. अल्टरनेटर काढून उघडावा, हे काम टाळू नका. सॉकेट एकेक करून सोडवा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. उरलेल्या धातूच्या भागांवर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून तो फडक्याने फिरवा, म्हणजे आम्लपणा मरतो, मग स्वच्छ पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळवा. सोड्याचं पाणी सॉकेटात जाऊ देऊ नका. पट्टे आणि रेडिएटरची जाळी विसरू नका.

त्याआधी सिलिंडरवरचं लेबल वाचा. एबीसी नसून बीसी असेल, तर आत सोड्याच्या जातीची पावडर असते. ती आम्ल नाही, अल्कली असते. तिला सोडा लावून उपयोग नाही. ती व्हॅक्यूम करून साध्या पाण्याने काढता येते.

एवढा त्रास असेल तर पावडरऐवजी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ठेवतो.

सीओटू मागे काहीच ठेवत नाही, हे खरं. इंजिन आणि वायरिंगसाठी तो सौम्य. पण उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात तो लगेच उडून जातो आणि आग पुन्हा भडकते, कारण तो निखारा थंड करत नाही. मांडवीच्या जेट्टीवर किंवा बोटीच्या डेकवर भर वाऱ्यात सीओटू मारणं म्हणजे जवळजवळ रिकामा हात. बंद इंजिन रूममध्ये तो उत्तम चालतो आणि तिथेच तो माणसाचा जीवही घेतो. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. वजनही जास्त असतं.

क्लीन एजंटचे (आग विझवून उडून जाणाऱ्या रसायनाचे) छोटे सिलिंडर मिळतात, तेही मळ ठेवत नाहीत. परवडत असतील तर गाडीसाठी चांगले. नाहीतर एबीसी पावडरच ठेवा. इंजिन दुरुस्त होतं, गाडीत अडकलेलं माणूस परत येत नाही.

आणि सीओटूच्या काळ्या कर्ण्याला धरताना मुठीसाठी दिलेली जागाच धरा. बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांच्या आसपास गोठतो, उघड्या धातूला हात चिकटून कातडी सोलली जाते.

दाबाचा काटा हिरव्यात होता, तरी खटका दाबल्यावर नुसतं ‘फुस्स’ झालं. असं कसं?

याची दोन कारणं आपल्याकडे फार दिसतात.

पहिलं, पावडर बसलेली असते. गाडीचे हादरे, त्यात आपले रस्ते. पावडर तळाशी दाबून दगड होते. दाब कायम असतो म्हणून काटा हिरव्यात. खटका दाबला की फक्त वायू निघून जातो आणि पावडर आत तशीच. महिन्यातून एकदा सिलिंडर ब्रॅकेटमधून काढून उलटा करा, तळावर रबरी हातोडीने किंवा तळहाताने ठोका, कानाशी धरून हलवा. पावडर आत सरकल्याचा आवाज आणि भार हाताला कळला पाहिजे.

दुसरं कारण म्हणजे कुंभारमाशी. पावसाळ्याच्या आसपास ती कुठलंही भोक सोडत नाही, दाराच्या कुलुपापासून नळाच्या तोंडापर्यंत. सिलिंडरच्या नळीत ती मातीचं घर करते आणि आत अळ्यांसाठी डंखाने लुळे केलेले कोळी भरून तोंड लिंपून टाकते. बोटीवर, ट्रॅक्टरवर आणि उघड्या जीपमध्ये हे हमखास. नळीचं तोंड दर वेळी बघा. काडी घालून साफ करायला हरकत नाही, पण खटक्याची पिन जागेवर असतानाच.

काटाही अडकतो. बोटाने हलकेच टिचकी मारा, जरासा हलतो का बघा.

एकदाच सेकंदभर दाबून बघितला, चालतो का ते. आता ठीक आहे ना?

नाही. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागेत अडकतात, मग तो पुरता बंद होत नाही आणि दाब हळूहळू निघून जातो. आठवड्याने काटा लाल. एकदा दाबलेला सिलिंडर, मग तो कितीही थोडा वापरलेला असो, भरून घ्यायचाच. चाचणीसाठी दाबायचा नसतो.

गाडीत ठेवायचा कुठे?

चालकाचा हात पोचेल तिथे, लोखंडी ब्रॅकेटमध्ये घट्ट. शेजारच्या सीटच्या पुढे किंवा खाली चांगली जागा. डिकीत सामानाखाली ठेवलेला गणपतीच्या प्रवासात कधीच हाताला लागत नाही, वर पेट्या, पिशव्या, मखराचं सामान.

सगळ्यात धोकादायक म्हणजे चालकाच्या सीटखाली सुटा टाकलेला. परशुराम घाटात उतारावर ब्रेक मारला की तो गडगडत पुढे येतो आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकतो. पेडल मग खाली जात नाही. आगीचं सोडा, हा एकटा सिलिंडर गाडी दरीत घालायला पुरेसा आहे. वडापच्या आणि शाळेच्या गाड्यांमध्ये ब्रॅकेटचा पट्टा तुटलेला दिसला, तर चालकाला तिथेच सांगा.

गणपतीपुळ्याला उन्हात गाडी बंद उभी असते. सिलिंडर फुटेल का?

चांगल्या स्थितीतला सहसा फुटत नाही. लेबलवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली मात्र ठेवू नका, तिथे थेट ऊन लागतं. खरी भीती गंजलेल्या सिलिंडरची. पावडरच्या सिलिंडरमध्ये साधारण १५ बार दाब असतो, कारच्या टायरच्या सहा-सात पट. आपल्या खाऱ्या हवेत तळाची कड आतून-बाहेरून गंजते, कारण तिथे ओल साठते. रंगाला फुगे आले असतील, तळाला पापुद्रे सुटत असतील, तर तो सिलिंडर वापरायचाही नाही आणि भरूनही घ्यायचा नाही.

चालत्या गाडीत मुलाने पिन काढून दाबला. सगळीकडे ढग. काय करावं?

एकदम ब्रेक मारू नका, मागून येणारी गाडी तुम्हाला दिसत नसते. एसीचा पंखा बंद, चारी काचा खाली, धोक्याचे दिवे लावून डाव्या बाजूला थांबा आणि सगळे बाहेर. डोळ्यांत गेली असेल तर चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने बराच वेळ धुवा. ही पावडर विषारी म्हणून ओळखली जात नाही, पण दमेकऱ्याला, लहान बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला श्वास कोंडतो; खोकला थांबत नसेल तर दवाखाना गाठा. नंतर एसीचा केबिन फिल्टर बदला आणि सीटच्या रुळांमधली पावडर व्हॅक्यूमने काढा.

प्लास्टिकचं सील तुटलेला सिलिंडर मुलांच्या हाताशी ठेवू नका. हँडलला पिशवी अडकवायची सवयही सोडा.

आंबा घाटातून उतरताना चाकातून धूर आला. लगेच सिलिंडर मारला. बरोबर केलं का?

नुसता धूर आणि जळका वास असेल तर नाही. ते ब्रेकचे तापलेले लायनर असतात. गाडी थांबवा, चाकाला उटी (अडवायला दगड) लावा, तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका आणि आपोआप निवू द्या. लाल तापलेल्या डिस्कवर पाणी किंवा सीओटू मारला तर तिला तडा जाऊ शकतो. ज्वाळा दिसली किंवा टायर पेटला तर गोष्ट वेगळी. मग पावडर मारा, पण चाकाच्या समोर उभं न राहता पुढून किंवा मागून, कारण तापलेला टायर बाजूला फुटतो. टायर विझल्यावरही आतून धुमसत राहतो, त्याला पुष्कळ पाणी लागतं.

इंजिनची आग असताना बॉनेट उघडायचं की नाही?

उघडायचं नाही. आतून खटका ओढून फक्त बोटभर फट ठेवा आणि त्या फटीतून पावडर आत मारा. सताड उघडलंत तर हवा मिळते आणि ज्वाळा तोंडावर येते. एक किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत संपतो, म्हणून ज्वाळेच्या टोकावर न मारता बुडावर मारायचा. गाडी सीएनजीची असेल तर शक्य असल्यास आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅस गळत असताना नुसती ज्वाळा विझवली, तर साठलेला गॅस पुन्हा पेटतो. सिलिंडर संपला आणि आग आहेच, तर लांब व्हा. बॉनेटचे आणि डिकीचे गॅसचे दांडे तापून बंदुकीसारखे सुटतात.

आंब्याच्या पिकअपमध्ये पेंढा पेटला, विझवला, वाटेत पुन्हा पेटला.

पेंढा आणि लाकडी पेट्या आतून धुमसतात. पावडरने वरची ज्वाळा बसते, आतला निखारा नाही. पेट्या खाली उतरवून, पेंढा विस्कटून, पाणी मारूनच पुढे निघा. हौद्याच्या फळ्यांतून खाली आलेला पेंढा सायलेन्सरला लागतो, तिथून बहुतेक वेळा सुरुवात होते. निघण्याआधी खाली वाकून एकदा बघा. पावडर लागलेली फळं बाजारात पाठवू नका.

ट्रॉलरच्या इंजिन रूममध्ये आग लागली तर सीओटू सोडायचा का?

सोडायचा, पण आधी माणसं मोजायची. हा प्रश्न मिरकरवाड्यापासून सर्जेकोटपर्यंत तांडेल (बोटीचे म्होरके) विचारतात आणि याचं उत्तर मी कधी घाईत देत नाही. सीओटू हवेपेक्षा जड असतो. तो इंजिनच्या खणात खाली साठतो. तिथे हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की माणूस काही मिनिटांत, कधी मिनिटभरातच बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसरा खलाशीही तिथेच पडतो.

सगळे खलाशी वर आले याची नावाने खात्री. डिझेलचा कॉक बंद, इंजिन बंद, पंखे बंद. मग सीओटू आत सोडून झाकण आणि हवेच्या वाटा बंद. नंतर झाकण उघडायची घाई करायची नाही. गरम इंजिनाला हवा मिळाली की डिझेलची वाफ पुन्हा पेटते. उघडल्यावर बराच वेळ वारा खेळू द्या आणि मगच उतरा, तेही वर दुसरा माणूस दोर धरून असताना. आग विझली म्हणजे खण सुरक्षित झाला, असं नाही.

डिझेलच्या टाकीला वेल्डिंग करायचं आहे. आत सीओटूचा सिलिंडर सोडला तर टाकी सुरक्षित होते ना?

हे करू नका. सीओटू जोरात बाहेर पडताना गोठलेले कण घासून स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, आणि टाकीत वाफ असेल तर तीच ठिणगी स्फोट करते. १९५४ साली जर्मनीत बिटबुर्गला इंधनाच्या टाकीवर सीओटूची यंत्रणा तपासताना असाच स्फोट होऊन अनेक माणसं मेली. टाकी काढून, पूर्ण रिकामी करून, वाफ जाईपर्यंत धुऊन, जाणकाराकडूनच वेल्डिंग करून घ्या.

डिझेल इंजिन किल्ली काढूनही रेस घेत सुटलं. सिलिंडर मारू का?

टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं. डिझेल तोडून ते थांबत नाही, हवा तोडावी लागते. गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून बंद पाडा. बोटीवर किंवा जनरेटरवर हवेच्या तोंडाला जाड फळी दाबा. हात किंवा कापड नको, ते आत ओढलं जातं. सीओटू असेल तर तो हवेच्या तोंडात सोडल्यास इंजिन बंद पडतं. पावडर तिथे मारू नका, इंजिन आतून संपतं. आणि दोन-चार क्षणांत जमलं नाही तर लांब पळा, फुटलेला कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

इलेक्ट्रिक स्कूटर पेटली तर?

पावडर आणि सीओटू लिथियम बॅटरीला पुरत नाहीत. ज्वाळा बसते, बॅटरी आत तापतच राहते आणि पुन्हा पेटते. लांबून भरपूर पाणी, वारा पाठीवर घेऊन उभं राहून, आणि अग्निशमन दलाला फोन. तो धूर विषारी असतो. घराच्या पडवीत चार्जिंगला असेल तर स्कूटर विझवण्यापेक्षा आधी माणसं बाहेर काढा.

रेल्वेच्या डब्यात कुणी सिलिंडर सोडला तर?

पांढरा ढग बघून लोकांना आग वाटते आणि ते उड्या टाकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात हावडा-अमृतसर मेलमध्ये नेमकं हेच झालं आणि प्रवासी जखमी झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुपती-सिकंदराबाद वंदे भारतच्या शौचालयात एकाने विडी-सिगारेट ओढली, आग विझवणारी यंत्रणा आपोआप सुटली आणि गाडी थांबली. कोकण रेल्वेवर करबुडेसारखा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, नद्यांवरचे उंच पूल आहेत. तिथे दारातून उडी म्हणजे मरण. पावडरला जळका वास नसतो, धुराला असतो. आधी वास घ्या, शेजारच्या डब्यात चालत जा आणि १३९ वर कळवा.

शिमग्यात रंगासारखी पावडर उडवतात. काही होतं का?

होतं. डोळे, श्वास, आणि त्या रात्री खरंच आग लागली तर सिलिंडर रिकामा. होळी पेटलेली असताना तर नकोच नको.

जुना सिलिंडर भंगारात देऊ का?

आधी भरणाऱ्याकडून दाब काढून, व्हॉल्व्ह उघडून घ्या. काटा शून्यावर दिसला तरी विश्वास ठेवू नका, तो बिघडलेला असू शकतो. दाब असताना व्हॉल्व्ह पान्याने सोडवला तर तो गोळीसारखा सुटून छातीत बसतो, आणि भंगारवाल्याने तसाच गॅस कटर लावला तर सिलिंडर फुटतो. त्या पोराचा काय दोष?

भरून दिला म्हणतात, पण खरंच भरला कशावरून?

वजन करा. भरलेल्याचं एकूण वजन लेबलवर असतं. किराणा दुकानातला वजनकाटा चालतो. आमच्याकडे एकदा घरपोच येणाऱ्या एकाने नुसतं तारखेचं स्टिकर बदलून पैसे नेले होते. वजन केल्यावर कळलं. तेव्हापासून सिलिंडर भरताना मी समोर उभा राहतो. सीओटूला तर दाबाचा काटाच नसतो, वजनाशिवाय दुसरा मार्ग नाही. आतला वायू दहा टक्क्यांनी घटला की भरून घ्यायचा. नवा घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा.

आग लागली तर फोन कुणाला?

११२ किंवा १०१. कुणी भाजलं असेल तर १०८. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४. हे आकडे बोटीच्या केबिनमध्ये आणि गाडीच्या सनव्हायझरच्या मागे जाड पेनाने लिहून ठेवा, कारण घाटात आणि खाडीच्या तोंडाला रेंज येते-जाते आणि मोबाइलवर शोधत बसायला वेळ नसतो. फोनवर आधी जागा सांगा, गाव, घाटातलं वळण किंवा जवळचा किलोमीटरचा दगड, आणि मग काय पेटलं आहे ते.